भावोजींच्या पोटातली भट्टी

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गेली एकोणीस वर्षं बस डेपोच्या गेटवर बसून लोकांच्या तोंडाचा वास घेतात. मी हे त्यांच्या समोर असंच म्हणते आणि ते दर वेळी मला दुरुस्त करतात. "वास घेत नाही. श्वास तपासतो. यंत्राने." यंत्र म्हणजे एक पिवळा डबा आणि त्याला एक पांढरी नळी. ड्रायव्हरने ड्युटीवर चढण्याआधी नळीत फुंकायचं, डबा 'टीं' करेपर्यंत फुंकत राहायचं, मग काचेवर तीन आकडे येतात. तिन्ही शून्य आले की भावोजी म्हणतात, "शून्य. जा." दुसरं काही आलं की म्हणतात, "घरी जा." डेपोत यापलीकडे त्यांच्या तोंडून फारसं कुणी काही ऐकलेलं नाही. ड्रायव्हर लोकांनी त्यांना 'शून्यसाहेब' असं नाव ठेवलंय, आणि भावोजींना ती पदवी वाटते.

मी त्याच डेपोत पासच्या खिडकीवर बसते. माझी खिडकी आणि त्यांची खोली समोरासमोर, मध्ये एक बस वळेल एवढी जागा. आमचे हे तिथेच ड्रायव्हर आहेत. म्हणजे रोज सकाळी माझा नवरा फुंकतो, माझ्या बहिणीचा नवरा आकडा लिहितो आणि मी समोरून बघते. घरंही एकाच जिन्यावर, ताईचं खाली आणि आमचं वर. तेव्हा मी सांगते त्यात ऐकीव काही नाही, सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

दारूचं भावोजींना इतकं वावडं की खोकल्याच्या औषधाची बाटली घरात आली तरी आधी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचतात. एका लग्नात त्यांनी मुलाच्या बापाच्या हातातला पेला काढून घेऊन हुंगला होता. निघालं लिंबाचं सरबत. त्या माणसाने आजतागायत आमच्याशी बोलणं टाकलंय. पण भावोजींना त्याचं काही नाही. ते म्हणतात, "शून्य निघाला ना? मग रागवायचं कशाला?"

त्यांचे दोन नियम होते. पहिला नियम म्हणजे रोज सगळ्यांच्या आधी स्वतः फुंकायचं. दुसऱ्याची फुंक मोजणाऱ्याने आधी आपली मोजावी, असं त्यांचं म्हणणं. एकोणीस वर्षांच्या सगळ्या रजिस्टरांत रोजची पहिली ओळ त्यांची, आणि तिच्यापुढे तीन शून्यं. दुसरा नियम त्यांनी स्वतःच्या हाताने पाटीवर रंगवून खोलीत लावला होता: 'यंत्र खोटं बोलत नाही. कारणं सांगू नयेत.'

ही पाटी आमच्याच घरावर कशी आली ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांची अक्कलदाढ दुखत होती. गाल असा सुजला होता की एका बाजूने बघितलं तर माणूस ओळखू येत नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गुळण्यांचं एक औषध दिलं. ह्यांनी शहाणपणा केला आणि ड्युटीवर जायच्या आधी डेपोच्या नळावरच गुळणी केली. लगेच रांगेत उभे राहिले आणि फुंकले. काचेवर आलं एकवीस.

"साडूभाऊ, गुळणी केलीय हो," हे म्हणाले. "ही बघा बाटली."

भावोजींनी बाटलीकडे बघितलंही नाही. बोट वर करून पाटी दाखवली.

"अहो, मी घेतली नाही!"

"सगळे हेच म्हणतात. घरी जा."

त्या औषधात थोडी दारू असते, साध्या पाण्याने चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं असतं तर शून्य आलं असतं, हे मला नंतर दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण पंधरा मिनिटं थांबायला शून्यसाहेबांच्या रजिस्टरात जागा नव्हती. लाल शाईने ह्यांचं नाव लिहिलं गेलं. पाससाठी रांगेत उभे असलेले चाळीस लोक आणि खिडकीत बसलेली मी, अशा सगळ्यांच्या देखत माझा नवरा जेवणाचा डबा हातात घेऊन उलट पावली घरी गेला. तीन दिवस घरी बसले. मला इतका संताप आला होता की ताईशीही मी महिनाभर कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी भावोजी आमच्याकडे विचारपूस करायला आले. होय, आले! कर्तव्य वेगळं आणि नातं वेगळं, असं त्यांचं गणित. बसल्या बसल्या त्यांना फडताळावर गोळ्यांची अर्धी पट्टी दिसली.

"हे अर्धवट का सोडलं?"

"दुखायचं थांबलं," हे म्हणाले.

"औषध अर्धवट सोडायचं नसतं," असं म्हणून त्यांनी ह्यांना दहा मिनिटं झापलं. बोलणं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. पण मग त्यांनी ती पट्टी स्वतःच्या खिशात घातली. "वाया जाईल. माझा घसा जरा खवखवतोय."

ही त्यांची जुनी खोड. ताटात शीत टाकायचं नाही आणि पट्टीत गोळी टाकायची नाही. ताईला मध्ये लघवीला जळजळ झाली होती, तिच्या उरलेल्या गोळ्या भावोजींनी सर्दीवर संपवल्या. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या छातीत कफ झाला होता, त्यांच्या उरलेल्या भावोजींनी अंगदुखीवर संपवल्या. स्वतःच्या जुन्या चिठ्ठ्या दाखवून दुकानातून आणल्या त्या वेगळ्या. आणि या सगळ्यावर पित्ताची गोळी रोज सकाळी अनशेपोटी, चार वर्षं, न चुकता. रिकाम्या पट्ट्याही फेकायच्या नाहीत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्या तारखा घालून ठेवलेल्या. रजिस्टर ठेवायची सवय, ती घरीही जात नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्यांचं पोट बिघडलं. जेवण झालं की पोट टम्म फुगायचं, शर्टाचं शेवटचं बटण लागायचं नाही. ढेकर असा यायचा की वर आमच्याकडे ऐकू यायचा. "साडूभाऊ जेवले वाटतं," हे म्हणायचे. भावोजींनी पित्ताच्या एका गोळीच्या दोन केल्या. एव्हाना त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवरची उशीसुद्धा त्यांच्या पोटाला कंटाळली असेल.

आणि मग एक चमत्कार झाला. भावोजी चांगले वागायला लागले.

त्यांची ड्युटी पहाटे पाच ते दुपारी एक. घरी येऊन जेवायचे, आणि जेवल्यावर तासा-दोन तासांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. सांगितलं तर खोटं वाटेल, पण एकदा ते जिन्यात मला म्हणाले, "तू खिडकीवर फार छान बसतेस." छान बसतेस! माझ्या बसण्याचं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दारावर आपटले आणि दाराला "माफ करा" म्हणाले. ताईला तर म्हणाले, "भाजी काय झालीय गं! तुझ्या हाताला चव आहे." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं जेवताना ते एवढंच बोलायचे, 'मीठ दे' किंवा 'मीठ नको होतं'. ताई वर येऊन मला हे सांगताना लाजली. खरंच लाजली, पदराशी चाळा करत.

संध्याकाळी मात्र स्वारी पुन्हा पहिल्यासारखी. डोकं दुखतंय, उजेड नको, आवाज नको.

ताई चार दिवस खूष होती. पाचव्या दिवशी ती भाजी वाढायला वाकली आणि तिला वास आला. मग तिने दुपारी ते झोपले असताना सगळं घर पालथं घातलं. गादीखाली, धान्याच्या डब्यात, संडासच्या टाकीत हात घालून बघितलं. बाटली कुठेच नाही. सापडला तो बिस्किटांचा डबा, आणि तो तिने तसाच परत ठेवला. विचारलं मात्र नाही. मी म्हटलं, "विचार ना." तर म्हणाली, "विचारलं आणि बोलायचे थांबले तर?"

याच सुमारास भावोजींनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुपारच्या पाळीची तपासणी दुसरा एक कारकून करायचा. तो ढिला आहे, ड्रायव्हरांशी गप्पा मारतो, अशी तक्रार करून त्यांनी दुपारी तीनची तपासणीही स्वतःकडे मागून घेतली. डेपो मॅनेजर मऊ माणूस. तो म्हणाला, "घ्या."

पहिल्याच दिवशी भावोजी जेवून, पोट सांभाळत, तीनला पाच कमी असताना आले. सात ड्रायव्हर रांगेत होते. आमचे हे तिसरे, त्या आठवड्यात त्यांची दुपारची पाळी होती. मी खिडकीतून बघत होते. भावोजींनी नवी नळी लावली, छाती भरून श्वास घेतला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांच्या आधी फुंकले. टीं.

बावन्न.

त्यांनी यंत्र हलवलं. काच पुसली. नळी बदलली. पुन्हा फुंकले. त्रेपन्न. मग पहिल्या ड्रायव्हरला फुंकायला लावलं. शून्य. दुसऱ्याला. शून्य. आमच्या ह्यांना. शून्य. सातही शून्यं झाल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा यंत्र स्वतःच्या तोंडाला लावलं, आणि मला खिडकीतून त्यांचे गाल फुगलेले दिसले. चौपन्न.

"मी घेतली नाही," भावोजी म्हणाले.

सातही जणांनी मान वर करून पाटी वाचली. मोठ्याने, एका सुरात, शाळेत कविता म्हणतात तशी.

पुढे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. ते खुर्चीवर बसले, ड्रॉवरमधून लाल पेन काढलं, रजिस्टरात पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं चौपन्न. तपासणाऱ्याची सही केली. तपासलेल्याचीही सही केली. मग उठून, स्वतःशीच, पण नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "घरी जा." आणि गेले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी पास देताना लोकांशी हसून बोलले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने कागद हातात दिला. पंधरा दिवसांनी चौकशी. समाधानकारक खुलासा झाला नाही तर नोकरीवरून कमी करणार, कारणाच्या रकान्यात 'ड्युटीवर मद्यपान'. हा कागद घेऊन भावोजी दोन दिवस खुर्चीवर बसून होते. नोकरी जाईल याचं त्यांना तेवढं नव्हतं. तो शब्द त्यांच्या नावापुढे कायमचा बसेल, याने ते खचले. आणि खुलासा म्हणून त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, जे त्यांनी एकोणीस वर्षांत कुणाचंही ऐकलं नव्हतं.

"खरं सांगा," ताई म्हणाली, "कुठे ठेवता?"

"तूसुद्धा?"

"मला वास आला हो. महिनाभर येतोय."

"मी घेतली नाही."

ताई रडायला लागली. मी तिथेच होते. मीही मनात म्हटलं, सगळे हेच म्हणतात.

विश्वास ठेवला तो एकट्या आमच्या ह्यांनी. वर येऊन मी चहा ठेवत होते आणि हे ओट्याला टेकून उभे. म्हणाले, "साडूभाऊ खरं बोलतायत."

"तुम्ही? तुम्ही त्यांची बाजू घेता?"

"अगं, प्यायलेला माणूस स्वतःचं नाव लाल शाईने लिहील का? दोन सह्या करेल का? आणि दुसरं म्हणजे, ते 'घेतली नाही' कसं म्हणाले ते ऐकलंस ना. मी तसंच म्हणालो होतो."

चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली आणि साडूभाऊंना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. ताई आणि मी मागून गेलो. डॉक्टरीणबाई वयाने लहान, केस बारीक कापलेले, बोलणं भराभर. भावोजींनी सगळं सांगितलं. ऐकताना बाई हसल्या नाहीत, एवढ्यानेच भावोजींचे डोळे भरून आले.

"गोळ्या कुठल्या घेतल्यात वर्षभरात?"

ताईने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. बाईंनी एकेक पट्टी उलटून तारखा बघितल्या. "अकरा महिन्यांत सहा वेळा अँटिबायोटिक. यातल्या तुमच्या किती?"

"तीन."

"आणि बाकीच्या?"

"घरातल्यांच्या. वाया जात होत्या."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग एका दमात समजावून सांगितलं, ते मला पुरतं कळलं. माणसाच्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तिथेच थोडं यीस्टही राहतं, एका कोपऱ्यात, गुमान. जिवाणू त्याला हातपाय पसरू देत नाहीत. अँटिबायोटिक रोगाच्या जंतूंना मारतं, त्याबरोबर या बिचाऱ्या वस्तीलाही मारतं. यीस्टला मात्र त्याने काहीच होत नाही. "तुम्ही सहा वेळा वस्ती उठवलीत. रिकाम्या घरांत यीस्ट शिरलं. आणि पोटातलं आम्ल म्हणजे गेटवरचा माणूस, नको ते आत जाऊ देत नाही. त्याला तुम्ही चार वर्षं रोज गोळी देऊन झोपवलंत."

"गेटवरचा झोपला?" भावोजी दचकून म्हणाले. बाकी सगळं त्यांनी मुकाट ऐकलं होतं, हे मात्र लागलं.

"झोपला. आता तुम्ही पाव खा, बटाटा खा, साखर खा, यीस्ट त्याच्या दोन गोष्टी करतं. एक गॅस, त्याने तुमचं पोट फुगतं. दुसरी दारू."

"म्हणजे हे जेवतात आणि आत भट्टी लागते?" ताईने विचारलं.

"जवळजवळ तसंच. सकाळी पोट रिकामं, भट्टीला घालायला काही नसतं, म्हणून सकाळी शून्य."

"माझ्या पोटात?" भावोजी म्हणाले. "परवान्याशिवाय?"

बाई तेव्हा हसल्या. पण लगेच बोट वर केलं. "हे फार क्वचित होतं, बरं का. पोट फुगलं की यीस्टच वाढलं असं लोक हल्ली वाचतात आणि जेवण सोडून बसतात. बहुतेकांना तसलं काही नसतं. तुम्हालाही हेच झालंय असं मी आत्ता लिहून देणार नाही. आधी सिद्ध करू."

सिद्ध करायचं म्हणजे भावोजींना दिवसभर दवाखान्याच्या एका खोलीत कोंडायचं, साखरेचं पाणी पाजायचं आणि दर तासाला फुंक आणि रक्त तपासायचं. मॅनेजरने डेपोचं यंत्र पाठवलं. साक्षीदार म्हणून आमच्या ह्यांना बसवलं, कारण भावोजींनीच तसं मागितलं. "माझ्यावर ज्याचा राग आहे असा माणूस हवा," ते म्हणाले. मी दाराच्या काचेतून बघत होते.

नर्सने त्यांची पिशवी तपासली, खिसे तपासले, दवाखान्याचे कपडे दिले. भावोजींचं समाधान होईना. "उशी बघितलीत? पलंगाखाली? चपलांचे तळवे? अहो, लोक तळव्यात लपवतात!" नर्स म्हणाली, "काका, तुमचीच झडती आहे." ते म्हणाले, "म्हणून तर नीट घ्या." शेवटी त्यांनी स्वतःच्या चपला स्वतःच वाकवून दाखवल्या, मग दार बंद झालं.

नऊ वाजता शून्य. त्यांनी ग्लासभर साखरपाणी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. दहा वाजता शून्य. ताईने माझा हात धरला. तिला काय व्हावंसं वाटत होतं कुणास ठाऊक. शून्य आलं तर नवरा दारुडा ठरणार होता आणि आकडा आला तर आजारी. अकरा वाजता चौदा. बारा वाजता एकतीस. एक वाजता अठ्ठावन्न, आणि रक्ताचा कागदही तेच म्हणाला. ताई बाकावर बसली आणि म्हणाली, "अठ्ठावन्न आले गं," आणि पहिला नंबर आल्यासारखी आनंदाने रडली. दवाखान्यातले लोक आमच्याकडे बघायला लागले.

आत भावोजींचं हसू उगवलं होतं. त्यांनी नर्सला सांगितलं की तिची सुई फार प्रेमळ आहे. मग ते आमच्या ह्यांच्याकडे वळले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि गळा काढला. "साडूभाऊ, मी तुमच्यावर अन्याय केला! तुमची दाढ निष्पाप होती!"

हे त्यांचे हात सोडवत म्हणाले, "साडूभाऊ, काचेवर अठ्ठावन्न आहे. हे शून्यावर असताना सांगा."

मला तेव्हा ह्यांचा थोडा राग आला. माणूस एवढा पाझरला होता, घ्यायची होती माफी पदरात पाडून.

चौकशीत मॅनेजरने डॉक्टरांचा अहवाल दोनदा वाचला, तिसऱ्यांदा शिपायाला वाचून दाखवला आणि प्रकरण मिटवलं. भावोजींना दोन महिने आजारपणाची रजा मिळाली. बुरशीवरची औषधं सुरू झाली, साखर बंद, पाव-बटाटा बंद, पित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. पुढे वस्ती पुन्हा बसावी म्हणून दही आणि भाज्या. बिस्किटांचा डबा बाईंनी स्वतःकडे ठेवून घेतला. नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणे. भावोजी दर आठवड्याला रोडावत गेले आणि रोज दुपारी दवाखान्याने दिलेल्या छोट्या यंत्रात घरच्या घरी फुंकून वहीत लिहीत गेले. चव्वेचाळीस, एकोणीस, सहा, शून्य. जसजसा आकडा उतरला तसतसं त्यांचं हसूही उतरलं.

शेवटच्या तपासणीला ताईने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. मला वाटलं पथ्याचं विचारतेय. ती हळूच म्हणाली, "बाई, अगदी थोडंसं राहिलं तर नाही का चालणार?"

बाई म्हणाल्या, "नाही हो. लिव्हर जाईल."

"बरं," ताई म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली.

रजा संपली त्या दिवशी भावोजी पहाटे गेटवर हजर. पहिली फुंक त्यांची. शून्य. मी आले तेव्हा रांग नेहमीच्या तिप्पट होती. भिंतीवर पाटी होती तिथे नुसता पांढरा चौकोन दिसत होता आणि रजिस्टरात पट्टीने आखलेला एक नवा रकाना होता: 'काय म्हणणं आहे'. ड्रायव्हर लोकांनी ही संधी सोडली असती तर नवल. शून्य आलेलेसुद्धा म्हणणं सांगत होते. एकाने नऊ वर्षांपूर्वीची खोकल्याच्या औषधाची हकिकत सांगितली, एकाने सासूची. भावोजी सगळं लिहून घेत होते, मान खाली, कान लाल. त्या सकाळी एकही बस वेळेवर सुटली नाही आणि माझ्या खिडकीवर लोकांनी मला वाटेल ते ऐकवलं.

आमचे हे पुढे आले. फुंकले. शून्य. जायला वळले तर भावोजी म्हणाले, "थांबा." त्यांनी कपाटातून गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. खूण आधीच घालून ठेवली होती. लाल शाईतली ती ओळ बोटाने दाखवली. मग यंत्र उचललं, सगळ्यांच्या देखत पुन्हा एकदा स्वतः फुंकले आणि काच ह्यांच्याकडे वळवली. तीन शून्यं.

"आता सांगतो," ते म्हणाले. "माझी चूक झाली. त्या दिवशी काय झालं होतं?"

ह्यांनी वाकून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "दाढ दुखत होती. गुळणी केली होती."

भावोजींनी ते तसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. ह्यांनी त्या दिवशी गाडी इतकी सावकाश चालवली की पुढचे तीन थांबे लोकांनी शिव्या दिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "लिहून घेतलं." मी त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत राहिले, कारण मला रडू येत होतं.

दुपारी मात्र मी ताईकडे गेले होते. भावोजी ड्युटीवरून येऊन जेवायला बसले होते. दुधीची भाजी होती, पथ्याची, फिकी. खाली मान घालून त्यांनी अर्धं ताट संपवलं. ताई समोर बसली होती आणि कशाचीच वाट बघत नव्हती, निदान तसं दाखवत होती. भावोजींनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि घसा साफ केला.

"भाजी चांगली झालीय," ते म्हणाले.

ताई चटकन पुढे वाकली आणि तिने त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं. तिचा चेहरा काळजीने एवढासा झाला होता.

भावोजींनी ताट बाजूला सरकवलं. "फुंकून दाखवू का?" ते म्हणाले.

"नको," ताई म्हणाली. "पुन्हा म्हणा."